एकाच फळीवर चाळीस ठोके

वाचनालयाच्या शिरोडकरबाई तीन वेळा घरी आल्या. मुलांच्या अंकात एक बोधकथा कमी पडते आहे, ती तुम्हीच लिहा, म्हणाल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पंचक्रोशीत यांना दुसरं कोणी सापडलं नाही. पहिल्या वेळी मी झोपल्याचं सोंग केलं. दुसऱ्या वेळी मागच्या दाराने परसात गेलो. तिसऱ्या वेळी त्या ओट्यावर बसूनच राहिल्या आणि सुनेने त्यांना चहा दिला. आता चहा दिलेल्या बाईला घालवून कसं देणार? म्हणून लिहितो. सुरुवात 'एका गावात एक राजा होता' अशी करा, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. राजा मी पाहिलेला नाही. होड्या पाहिल्यात.

तर खाडीकाठच्या एका गावात एक म्हातारा होता.

गाव चाळीस घरांचं. अलीकडच्या काठावर घरं. पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना, बाजार. मधे खाडी. पूल होणार, पूल होणार, हे ऐकत गावातली तीन पिढ्यांची माणसं मोठी झाली. तोवर होडी.

म्हाताऱ्याचा धंदा होडीच्या फटी भरायचा. दोन फळ्यांच्या मधे नारळाचा काथ्या ठोकून बसवायचा आणि वरून राळ लावायची, म्हणजे पाणी आत येत नाही. पन्नास वर्षं हेच केलं. त्यामुळे हात खरखरीत झाले होते, आणि तोंड पहिल्यापासूनच तसं होतं. एका कानाने त्याला ऐकू यायचं नाही. गावात तो फार कोणाला आवडायचा नाही. त्यालाही फार कोणी आवडायचं नाही.

त्या गावात एक रीत होती. नवी होडी पाण्यात जायच्या आधी प्रत्येक घरातलं एक माणूस यायचं, बोटांच्या पेरांनी होडीवर ठोका मारायचं आणि म्हणायचं, "नीट आहे." चाळीस घरांचे चाळीस ठोके झाले की मगच होडी ढकलायची. एका घराने जरी म्हटलं नाही, तरी होडी काठावर.

रीत कोणीतरी शहाण्या माणसाने घातली असणार. चांगलं लाकूड ठोकलं की खणखणीत वाजतं. आतून कुजलेलं असलं की बद्द वाजतं. चाळीस माणसांनी चाळीस ठिकाणी ठोकलं, म्हणजे अख्खी होडी ठोकून होते. बांधणाऱ्याच्या एकट्याच्या नजरेवर सोडायचं नाही, म्हणून ती रीत.

पण पुढे काय झालं, होडीच्या तोंडाला हार घालायला लागले. नारळ तिथे, कुंकू तिथे, पाहुणे तिथे. मग फोटो काढणारा तिथे उभा राहायला लागला. मागच्या बाजूला नुसता चिखल. नवी साडी नेसून, इस्त्रीची पँट घालून चिखलात कोण जाणार? एकाने हाराजवळ ठोका मारला, दुसऱ्याने तिथेच मारला. होता होता चाळीसच्या चाळीस ठोके एकाच फळीवर पडायला लागले. ती फळी फार उत्तम असायची. कुठे ठोकणार हे बांधणाऱ्यालाही माहीत होतं. बाकीच्या होडीला कोणी विचारत नव्हतं.

आणि ऐकतही कोणी नव्हतं. बोट फळीला लागायच्या आधी तोंडातून "नीट आहे" निघालेलं असायचं.

गावात जितू म्हणून एक होता. तो दरवेळी "नीट नाही" म्हणायचा. होडी असो, देवळाचा रंग असो, शाळेची सुट्टी असो, जितूचं आपलं नाही. "मी चारचौघांसारखा नाही," असं तो सांगत फिरायचा, आणि तसं छापलेला टी-शर्टही त्याने घेतला होता. पण त्याच्या घराचा ठोका त्याची आई मारायची, म्हणून होड्या पाण्यात जायच्या. जितूने होडीला कधी हात लावला नव्हता. नाही म्हणायला हात कशाला लावावा लागतो?

आणि एक होता होड्या बांधणारा मिस्त्री. त्याचं घर त्या चाळिसांत धरत नसत, आपल्याच होडीला आपण ठोका कसा मारणार? त्याचं नाव शेवटी सांगतो. आत्ता सांगितलं तर बाई खोडतील. हात चांगला होता त्याचा, घाई वाईट होती.

त्या वर्षी शाळेच्या पोरांसाठी मोठी होडी करायचं ठरलं. एरवी मिस्त्रीने बांधायचं आणि म्हाताऱ्याने फटी भरायच्या, असं चालत आलं होतं. या वेळी मिस्त्रीने शहरातून डब्यातला तयार लगदा आणला आणि दोन दिवसांत फटी बुजवून टाकल्या. म्हाताऱ्याला बोलावलंच नाही. म्हाताऱ्याला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू.

ठोक्यांचा दिवस आला. सरपंच प्रमिलाताई पुढे होत्या. पलीकडून पाहुणे आले होते. चौदा पोरं गणवेशात रांग लावून उभी होती, पहिल्या खेपेला त्यांनीच बसायचं होतं. होडीला निळा रंग दिला होता. हाराजवळ एकोणचाळीस ठोके पडले, एकोणचाळीस वेळा "नीट आहे" झालं. म्हातारा शेवटचा.

तो हाराकडे गेलाच नाही. लुंगी वर खोचून चिखलात उतरला, मागे गेला, वाकला आणि एकेक फळी ठोकत निघाला. चांगला कान लाकडाला लावून. पाहुणे घड्याळाकडे बघायला लागले.

डावीकडची खालून तिसरी फळी बद्द वाजली. त्याने शेजारची ठोकली, ती खणखणीत. पुन्हा ही ठोकली. बद्द.

"ही बदला," तो म्हणाला. "रंगाखाली कुजली आहे."

मिस्त्री हाराजवळूनच हसला. "आबा, फळी गेली नाही. तुमचा कान गेलाय."

सगळे हसले. म्हातारा म्हणाला, "एकच गेलाय. मी दुसऱ्याने ऐकतोय. तुझे तर दोन आहेत. ये ना इकडे."

मिस्त्री गेला नाही. उलट पाहुण्यांसमोर, पोरांसमोर, गावासमोर म्हणाला, "यंदा फटी भरायला बोलावलं नाही ना, म्हणून माझ्या होडीला नावं ठेवतोय. पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

प्रमिलाताई चिखलाच्या कडेपर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, पाहुणे खोळंबलेत. नुसतं म्हणा हो. दोन शब्द. फळीचं मग सावकाश बघू."

"दोन शब्द खरे असते तर दोनशे वेळा म्हटले असते."

"म्हणजे एकोणचाळीस घरं चुकली आणि तुम्ही एकटे बरोबर?"

"एकोणचाळीस घरांनी हार ठोकला," म्हातारा म्हणाला. "होडी मी ठोकली."

हे कोणाला आवडलं नाही. आवडण्यासारखं बोलायची त्याला सवयही नव्हती. तिथल्या तिथे ठरलं की म्हाताऱ्याचं घर रीतीत धरायचं नाही. म्हणजे गाव एकोणचाळीस घरांचं झालं. ठोके एकोणचाळीस झालेच होते. होडी ढकलली. जितू मागून म्हणाला, माझाही विरोध आहे. कोणत्या फळीला, ते त्याला सांगता आलं नाही. मग तो पेढे घ्यायला गेला.

पुढे गावाने म्हाताऱ्याला मोबाईलवरच्या गावाच्या ग्रुपमधून काढायचं ठरवलं. त्याचा फोन बटणांचा, तो ग्रुपमध्ये नव्हताच. मग त्याच्या सुनेला काढलं. म्हातारा दुकानात गेला की तिथलं बोलणं थांबायचं. जुन्या होड्यांचं काथ्याचं काम येईनासं झालं. शेजारच्या घरातून बारशाचं बोलावणं आलं नाही.

सून वैतागली. ती रोज पलीकडे दवाखान्यात कामाला जायची. म्हणाली, "आबा, सगळे म्हणतात तसं म्हणून टाकायचं होतं. आपणच काय मोठे लागून गेलो?"

"तू कुठल्या होडीने जातेस?" म्हाताऱ्याने विचारलं.

सुनेने ताट घेतलं. जेवायला वाढलं तिने.

आता घरी ओट्यावर बसायचं आणि मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत, आता बुडा, असं म्हणायचं, हे फार सोपं होतं. म्हाताऱ्याच्या मनात ते आलं नाही असं नाही. दोन दिवस तेच मनात होतं. पण होडीत चौदा पोरं होती. त्यांनी कुठे ठोका मारला होता?

तिसऱ्या दिवसापासून म्हातारा सकाळच्या होडीत जाऊन बसायला लागला. डावीकडे, त्याच फळीवर पाय टेकून. मांडीवर पिशवी. पिशवीत काथ्या, लाकडी हातोडी, बोथट छिन्नी आणि एक जुनी गोधडी. पोरांना सोडायचं, परत यायचं. संध्याकाळी आणायला पुन्हा जायचं.

होडी चालवणारा म्हणाला, "एवढी भीती वाटते तर बसता कशाला, आबा?"

"मला पोहता येतं. भीती दप्तरवाल्यांची वाटते."

पोरं हसायची त्याला. एका पोरीने विचारलं, "आबा, तुम्ही रोज कुठे जाता?"

"इथेच," तो म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळी, खाडीच्या बरोबर मध्यावर, फळी फुटली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. पापड मोडावा तेवढाच. बघता बघता पाणी घोट्यापर्यंत आलं. म्हाताऱ्याने गोधडीचा बोळा करून भोकात कोंबला, कडेने काथ्या ठोकला आणि त्याच्यावर स्वतः बसला. "सगळे उजवीकडे सरका. उभं कोणी राहायचं नाही. डबे काढा आणि पाणी उपसा," एवढंच बोलला. पोरांनी जेवणाचे डबे रिकामे केले आणि पाणी उपसत राहिली. होडी कशीबशी काठाला लागली. दप्तरं भिजली. चपला गेल्या. पोळीभाजी माशांनी खाल्ली. माणूस एकही गेलं नाही.

इथवर लिहून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, छान, आता तात्पर्य लिहा. मी म्हटलं, बसा. कठीण गोष्ट पुढे आहे.

गावाने म्हाताऱ्याला शाल दिली. त्याचं घर रीतीत परत घेतलं. सुनेला ग्रुपमध्ये परत घेतलं. जो भेटेल तो म्हणायला लागला की मलाही तेव्हा शंका आलीच होती. एवढ्या सगळ्यांना शंका आली होती तर म्हातारा एकटा कसा पडला, हे त्याला कळेना.

म्हाताऱ्याकडे मिस्त्री आला नाही. वखारवाल्याने फसवलं, असं म्हणाला, तेही दुसऱ्यांजवळ. म्हाताऱ्याच्या घरावरून जाताना तो खाडीकडे बघत जायचा.

मग त्याच्या वाट्याला तेच आलं, जे म्हाताऱ्याच्या वाट्याला आलं होतं. दुकानात गेला की बोलणं थांबायचं. तरी त्याने पुढच्या वर्षी दुसरी होडी बांधायला घेतली. या वेळी घाई केली नाही. वखारीत जाऊन एकेक फळी स्वतः निवडली. सावलीत वाळवली. हाताखाली कोणी आलं नाही, एकट्याने बांधली. फटी काथ्याने भरल्या, त्याही स्वतःच. म्हाताऱ्याला विचारायला आला नाही. तेवढं नाक शिल्लक होतं. ही होडी गावाने नाकारली तर शहरात कपाटांच्या कारखान्यात जायचं, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. बायकोने शेजारणीला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं.

ठोक्यांचा दिवस आला. गाव आता शहाणं झालं होतं. हाराकडे कोणी फिरकलं नाही. सगळे कपडे वर खोचून चिखलात. फोटोवालासुद्धा चिखलात. आणि रांग लागली कुठे? डावीकडे, खालून तिसऱ्या फळीपुढे.

पहिल्याने ठोकलं, कान लावला, कपाळाला आठी घातली. "बद्द वाजते." दुसऱ्यानेही आठी घातली. "बद्द." तिसरा तर ठोकायच्या आधीच आठी घालून आला. अशी एकोणचाळीस घरं झाली. एकाच फळीवर एकोणचाळीस ठोके.

जितूची मोठी पंचाईत झाली. सगळं गावच नाही म्हणायला लागलं, मग याने वेगळं काय म्हणायचं? तो म्हणाला, "माझ्या मते नीट आहे." होडीला हात त्याने तेव्हाही लावला नाही.

मिस्त्री बाजूला उभा होता. कोणाकडे बघत नव्हता. त्याची करवत पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवलेली होती.

म्हातारा पुढे आला. रांगेने त्याला मानाने वाट दिली. त्याच्या मनात काय होतं ते सांगतो. त्याच्या मनात ते वाक्य होतं. पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या. वर्षभर ते मनात होतं. आता त्याने एक शब्द म्हणायचा, 'बद्द', की मिस्त्री उद्या गावात दिसणार नव्हता. आणि या वेळी गाव म्हाताऱ्याच्या बाजूला होतं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. ते त्याला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो. चाळीस घरांच्या मधे उभं राहिलं की थंडी वाजत नाही.

त्याने होडीच्या तोंडापासून सुरुवात केली. डावी बाजू पुरी ठोकली, उजवी पुरी ठोकली, तळाशी आडवा होऊन खालच्या फळ्या ठोकल्या. त्या तिसऱ्या फळीवर तीन वेळा परत आला. तासभर लागला. उन्हात लोक तसेच उभे.

"नीट आहे," तो म्हणाला.

 मग प्रमिलाताई म्हणाल्या, "आबा, गेल्या वर्षी तुम्हीच तर ही फळी..."

"गेल्या वर्षीची होडी वेगळी होती."

"पण एकोणचाळीस घरांना बद्द ऐकू आलं."

"एकोणचाळीस घरांना मी ऐकू आलो. लाकूड कोणी ऐकलं?"

दुकानदार मागून म्हणाला, "मिस्त्रीने काय दिलं हो तुम्हाला?"

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "द्यायचं होतं तेही दिलं नाही."

"मग त्याची बाजू कशाला घेता?"

"होडीची घेतो. कोणी बांधली ते ठोक्यात वाजत नाही."

लोक चिडले. मागच्या वर्षी चिडले होते तेवढेच. मघाचा मान कुठल्या कुठे गेला. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला नुसतं उलटं बोलायची खोड आहे. म्हाताऱ्याला पुन्हा थंडी वाजली. पण तो होडीजवळून हलला नाही. म्हणाला, "ज्याला बद्द वाटतं त्याने आधी शेजारची फळी ठोकावी. मग ही ठोकावी. मग बोलावं."

बराच वेळ कोणी पुढे आलं नाही. शेवटी जितूची आई आली. तिने शेजारची ठोकली, मग ही ठोकली. परत शेजारची. डोळे मिटून ऐकलं.

"दोन्ही सारख्याच वाजतात," ती म्हणाली. "मघाशी माझ्या पुढची म्हणाली म्हणून मीही म्हटलं."

मग दुसरी बाई आली. मग दुकानदार आला. एकाच फळीवर गर्दी झाली म्हणून काही जण पुढे सरकले, काही मागे गेले, दोघे तळाशी वाकले. गावात कित्येक वर्षांत पहिल्यांदा होडी सगळीकडून वाजली. नुसते ठोके ऐकू येत होते. मग एकेक घर म्हणायला लागलं, नीट आहे. या वेळी ठोक्यानंतर. ते ऐकून जितू म्हणाला, नीट नाही.

होडी पाण्यात गेली. म्हातारा पहिल्या खेपेला बसला. गोधडी घरी ठेवून.

तो परत आला तेव्हा मिस्त्री धक्क्यावर उभा होता. म्हाताऱ्याजवळ आला. तोंड उघडलं. म्हातारा थांबला आणि त्याने आपला चांगला कान पुढे केला.

"भरती उतरायला लागली," मिस्त्री म्हणाला. आणि पोत्यातली करवत उचलून घरी गेला.

तात्पर्य: सगळे हो म्हणतात म्हणून हो म्हणणारा आणि सगळे हो म्हणतात म्हणून नाही म्हणणारा, दोघांनीही होडी ठोकलेली नसते. स्वतःच्या हाताने ठोका, स्वतःच्या कानाने ऐका, आणि जे ऐकू आलं तेच सांगा, मग ते गावाच्या विरुद्ध जावो नाहीतर आपल्याच रागाच्या विरुद्ध. ती होडी अजून चालते, माझा एक कान अजून शाबूत आहे, आणि ज्याची माफी त्या कानावर अजून पडलेली नाही, तो मिस्त्री म्हणजे विश्राम पांचाळ.